लांब इंग्रजी शब्द शेपटीकडून वाचा: तुकडे कसे पाडायचे, जोर कुठे द्यायचा

'सर्टिफिकेट' हा शब्द कागदपत्रांच्या रांगेत उभं राहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतो. बहुतेक जण तो सर-टी-फी-केट असा, चारही तुकड्यांना सारखं वजन देऊन म्हणतात. शब्दकोशात तो सर्-ˈटि-फि-कट असा आहे. जोर दुसऱ्या तुकड्यावर आहे आणि शेवटी 'केट' नसून 'कट' आहे.

मराठीत जोर इकडचा तिकडे झाला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे जोर हा शब्दाचाच भाग असतो हे आपल्या कानाला माहीत नसतं. त्यात क्रम उलटा होतो. शब्द समोरून वाचायला घेतात, पहिल्या तुकड्यावर जोर मारतात आणि पुढचं जमेल तसं ढकलतात. लॅटिन मुळाच्या शब्दात जोराची जागा ठरते ती शेपटीवरून. म्हणून आधी तुकडे, मग शेपटी, मग जोर आणि सगळ्यात शेवटी उच्चार, हा क्रम मोडायचा नाही.

ही रीत 'मदर', 'वॉटर' अशा घरगुती इंग्रजी शब्दांना किंवा 'ब्लॅकबोर्ड'सारख्या जोडशब्दांना लावू नका. सुरुवातीला कॉन, प्री, सब, ट्रान्स, इंटर आणि शेवटी शन, इटी, एट, अल असं काही दिसलं की ती लावायची. 'फोटोग्राफिक'सारखे ग्रीक मुळाचे शब्दही बहुतेक याच नियमांनी चालतात.

तयारी

आवाज ऐकवणारा एक शब्दकोश ठरवा. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा ऑनलाइन कोश पुरेसा आहे. दोन्हींत ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन उच्चार ऐकायला मिळतात. त्यातला एक निवडा आणि महिनाभर तरी बदलू नका. 'लॅबोरेटरी'चा जोर ब्रिटिश उच्चारात दुसऱ्या तुकड्यावर असतो, अमेरिकनमध्ये पहिल्यावर. दोन्ही बरोबर आहेत, पण मिसळले की गोंधळ होतो.

वहीत चार रकाने आखा: शब्द, तुकडे, शेपटी, जोर. दिवसाला दहा शब्द खूप झाले. उच्चार देवनागरीतच लिहा, कारण ऱ्हस्व-दीर्घ आणि पाय मोडलेलं अक्षर आपल्या लिपीत लगेच डोळ्यात भरतं. सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवती जमलेला उच्चाराचा भाग. खाली त्यालाच 'तुकडा' म्हटलं आहे. वरची उभी रेघ ˈ म्हणजे मुख्य जोर, खालची ˌ म्हणजे दुय्यम जोर. दोन्ही खुणा जोराच्या तुकड्याच्या आधी येतात.

सावध: काही कोशांत, विशेषतः जुन्या छापील प्रतींत, जोराची खूण तुकड्याच्या नंतर असते. नवा कोश उघडला की आधी 'टेबल' पाहा. खूण 'टे'च्या आधी आहे की नंतर, यावरून त्या कोशाची पद्धत कळते.

सावध: अमेरिकन कोशांत मूळ शब्दाच्या मध्ये जे ठिपके असतात, ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे छापखान्याला सांगण्यासाठी असतात. उच्चाराचे तुकडे त्यावरून मोजू नका.

पायरी 1: तुकडे मोजा, अक्षरं नव्हे

जितके स्वर ऐकू येतात तितके तुकडे. लिहिलेले स्वर मोजले तर आकडा चुकतो, आणि तो तीन ठिकाणी चुकतो.

पहिलं ठिकाण म्हणजे शेवटचा मुका ई. 'इन्स्टिट्यूट'च्या शेवटच्या ईचा तुकडा होत नाही.

दुसरं, टी, सी किंवा एस यांच्यापुढे आय आणि त्यापुढे आणखी एक स्वर. टी-आय-ओ-एन मिळून 'शन' हा एकच तुकडा, सी-आय-ए-एल मिळून 'शल', सी-आय-ओ-यू-एस मिळून 'शस'. इतर व्यंजनांपुढे मात्र तो आय बहुधा वेगळा उच्चारतात: मी-डि-अम, क्यु-रि-अस. 'निगोशिएट' आणि 'अप्रीशिएट' मध्येच अडतात. तिथे शि-एट असे दोन तुकडे आहेत.

तिसरं ठिकाण आपल्याच जिभेवर आहे. नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे काहींच्या तोंडी 'स्टेशन'चं 'इस्टेशन' आणि 'स्पेशल'चं 'इस्पेशल' होतं. तिथे एक तुकडा फुकटचा वाढतो आणि पुढचं सगळं गणित सरकतं. उलट काही शब्दांत तुकडा गिळला जातो. 'प्रोनन्सिएशन'मध्ये पाच तुकडे आहेत: प्र-नन्-सि-ए-शन. शिवाय दुसरा तुकडा 'नन्' आहे. क्रियापद 'प्रोनाउन्स' असलं तरी नामाच्या स्पेलिंगमध्ये एन-ओ-यू-एन येत नाही, नुसतं एन-यू-एन येतं.

तपासा: शब्द सावकाश म्हणत बोटं दुमडा. दोनदा मोजून आकडा वेगळा आला तर पुढे जाऊ नका, कोशातला आवाज ऐका.

पायरी 2: तुकडे कुठे तोडायचे

दोन स्वरांमध्ये दोन व्यंजनं असली की मधून तोडा: कन्-सल्-टंट. एकच असलं की ते पुढच्या तुकड्याला द्या. (कोश कधी कधी ते मागच्याला देतात. आपल्या कामाला त्याने फरक पडत नाही.) सी-एच, पी-एच, टी-एच, एस-एच या जोड्या म्हणजे एकच व्यंजन, त्या तोडायच्या नाहीत. पी-आर, टी-आर, जी-आर, पी-एल यांसारख्या जोड्या अख्ख्याच्या अख्ख्या पुढच्या तुकड्यात जातात.

जुळी व्यंजनं ही आपली खास अडचण. 'कमिटी'त दोन एम आणि दोन टी दिसले की आपण 'कम्मिट्टी' म्हणतो, कारण मराठीत दुहेरी लिहिलं की दुहेरीच बोलायचं असतं. इंग्रजीत तो एकच आवाज. दोन एम आले ते उपसर्गामुळे: 'कॉन' हा उपसर्ग एमपुढे 'कॉम' होतो, एलपुढे 'कॉल' आणि आरपुढे 'कॉर'. 'इन'चं तसंच 'इम', 'इल', 'इर' होतं. 'अ‍ॅड' तर पुढच्या व्यंजनाप्रमाणे रूप बदलत राहतो, कधी अ‍ॅक, कधी अ‍ॅफ, कधी अ‍ॅप.

याचा मोठा फायदा स्पेलिंगला होतो. 'अकॉमोडेशन' म्हणजे 'अ‍ॅड' अधिक 'कॉम' अधिक 'मोड'. म्हणून सी दोन आणि एमही दोन. हॉटेलांच्या पाट्यांवर यातला एक एम हमखास गळतो. उपसर्ग दोन आहेत हे एकदा कळलं की हे पाठ करावं लागत नाही.

एक अपवाद: दुहेरी सीपुढे ई किंवा आय आला तर दोन वेगळे आवाज होतात. ˈअ‍ॅक्-सि-डंट, सक्-ˈसेस.

पायरी 3: शेपटी कोणत्या गटातली?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शेपट्यांचे पाच गट आहेत. पहिले चार लगेच ओळखू येतात, पाचव्याला स्वतंत्र पायरी लागते.

गट क: जोर शेपटीच्या बरोबर आधीच्या तुकड्यावर. शन, शल, शस, शिअन-रिअन, रिअल, इक, इकल, इटी, इफाय. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात भरवशाचा गट हाच. ए-ज्यु-ˈके-शन, अ-ˈफि-शल, लाय-ˈब्रे-रि-अन, ई-क-ˈनॉ-मिक, प-ˈलि-टि-कल, यु-नि-ˈव्हर-सि-टी, आय-ˈडेन्-टि-फाय. अपवाद मोजके आहेत: ˈटे-लि-व्हि-जन, ˈपॉ-लि-टिक्स, ˈअ‍ॅ-र-बिक, ˈकॅथ-लिक, अ-ˈरिथ-म-टिक.

गट ख: जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर. 'एट'ची लांब क्रियापदं आणि 'ट्यूड'ची नामं. क-ˈम्यु-नि-केट, पार्-ˈटि-सि-पेट, इन्-ˈव्हेस-टि-गेट, ˈअ‍ॅ-टि-ट्यूड. हाच 'एट' नाम किंवा विशेषण झाला की जोर तिथेच राहतो आणि शेवट मात्र 'अट' होतो. 'एस्टिमेट करणे' यात 'मेट', पण 'खर्चाचं एस्टिमेट' यात 'मट'. 'सर्टिफिकेट'च्या शेवटी 'कट' येतो तो यामुळेच.

गट ग: जोर शेपटीवरच. ईई, ईईआर, ईएसई. एन्-जि-ˈनिअर, व्हॉ-लन्-ˈटिअर, ज-प-ˈनीज. 'कमिटी' इथेही हट्टी: क-ˈमि-टी.

गट घ: जोर हलवणारच नाहीत अशा शेपट्या. मेंट, नेस, ली, फुल, इंग, शिप. शेपटी झाका आणि उरलेल्या शब्दाचा जोर होता तिथेच ठेवा. 'डेव्हलपमेंट' आपण पहिल्या तुकड्यावर जोर देऊन बोलतो, आणि तो चुकीचा आहे. 'मेंट' झाकला की उरतो डि-ˈव्हे-लप, म्हणून डि-ˈव्हे-लप-मंट. या शब्दात पीनंतर ई नाही, हेही जाता जाता पाहून घ्या.

तपासा: एकाला एक लागलेल्या दोन शेपट्या दिसल्या तर शेवटची धरायची. 'डिव्हिजनल'मध्ये शेवटी 'अल' आहे, पण 'शन' किंवा 'जन'ला लागलेला 'अल' जोर हलवत नाही: डि-ˈव्हि-ज-नल. नागपुरात मध्य रेल्वेचा एक आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा एक असे दोन विभाग आहेत, त्यामुळे हा शब्द पाट्यांवर भरपूर भेटतो.

पायरी 4: लघु-गुरूची कसोटी

गट ङ: अल, अस, अंट, एंट, अन्स, आणि लॅटिनमधून जसेच्या तसे आलेले अम, आ. यांना एकच नियम सांगून चालत नाही. 'म्युनिसिपल'मध्ये जोर शेवटून तिसऱ्यावर आहे, 'एन्व्हायर्न्मेंटल'मध्ये शेवटून दुसऱ्यावर. शेपटी मात्र एकच.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना इथे दोन याद्या पाठ कराव्या लागतात. शाळेत वृत्तं शिकलेल्या मराठी माणसाला हत्यार आधीच मिळालेलं आहे. शेवटून दुसरा तुकडा घ्या आणि तो लघु की गुरू ते पाहा. स्वर दीर्घ असेल किंवा त्याच्यापुढे दोन व्यंजनं असतील, तर तो गुरू आणि जोर त्याच्यावर. स्वर ऱ्हस्व आणि पुढे एकच व्यंजन, तर लघु. मग जोर एक घर मागे सरकतो. जोडाक्षराआधीचा ऱ्हस्व गुरू होतो, हे आपण गणं पाडताना करतोच. लॅटिनचा स्वतःचा जोरही याच नियमाने पडायचा.

करून पाहा:

'म्युनिसिपल': म्यु-नि-सि-पल. दुसरा शेवटून 'सि', ऱ्हस्व, पुढे एकटा पी. लघु. एक मागे: म्यु-ˈनि-सि-पल.
'कन्सल्टंट': 'सल्'नंतर एल-टी. गुरू. कन्-ˈसल्-टंट.
'अ‍ॅप्लिकंट': 'लि' लघु. ˈअ‍ॅ-प्लि-कंट.
'रिस्पॉन्डंट': 'स्पॉन्'नंतर एन-डी. गुरू. रि-ˈस्पॉन्-डंट.
'अपोनंट': 'पो' दीर्घ. गुरू. अ-ˈपो-नंट.
'मेमोरँडम': एन-डी. गुरू. मे-म-ˈरॅन्-डम.
'करिक्युलम': 'क्यु' लघु. क-ˈरि-क्यु-लम.
'अजेंडा': एन-डी. गुरू. अ-ˈजेन्-डा.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात दिवसभर ऐकू येणारं 'अफिडेव्हिट' लॅटिनमध्ये अख्खं क्रियापद आहे. शेवटून दुसरा 'डे' दीर्घ, म्हणून अ‍ॅ-फि-ˈडे-व्हिट. 'अ‍ॅ'वर जोर मारायचा नाही.

सावध: आपल्या वृत्तात 'पुत्र'मधला 'पु' गुरू असतो. लॅटिनच्या नियमात टी-आर, बी-आर अशा जोड्यांमुळे मागचा तुकडा बहुधा गुरू धरत नाहीत, कारण जोडी अख्खी पुढे जाते. पायरी 2 मधला तोडण्याचा नियम इथे कामाला येतो. ˈव्हर-टि-ब्रल मध्ये जोर म्हणूनच पहिल्यावर. मराठी सवयीने मोजलं तर इथे फसाल.

सावध: 'एक्सलंट'मध्ये दोन एल असूनही जोर पहिल्यावर आहे. असे थोडे शब्द सुटेच पाठ करावे लागतात.

पायरी 5: दुय्यम जोर

मुख्य जोर तिसऱ्या तुकड्यावर किंवा त्याहून पुढे असेल, तर आधी कुठेतरी हलका जोर लागतो. नाहीतर शब्द सुरुवातीला लटपटतो. साधारणपणे मुख्य जोराच्या दोन घरं आधी: ˌकॉर्-प-ˈरे-शन, अड्-ˌमि-नि-ˈस्ट्रे-शन, रि-ˌस्पॉन्-सि-ˈबि-लि-टी, म्यु-ˌनि-सि-ˈपॅ-लि-टी. मूळ शब्दाचा जोर पहिल्या तुकड्यावर असेल तर तो तिथेच दुय्यम होऊन बसतो: ˈक्वॉ-लि-फाय वरून ˌक्वॉ-लि-फि-ˈके-शन.

पायरी 6: जोर नसलेला तुकडा मऊ करा

लोक ही पायरी सोडतात, आणि मग जोर बरोबर असूनही शब्द कानाला परका वाटतो. जोर म्हणजे ओरडणं नव्हे. जोराचा तुकडा थोडा लांब, थोडा उंच आणि स्वच्छ असतो. बाकीचे आखडतात, आणि त्यांच्या स्वरांचा बहुतेक वेळा आपला साधा 'अ' होतो, नाहीतर ऱ्हस्व 'इ'. 'कॉर्पोरेशन'मधला 'पो' खरं तर 'प' आहे. 'मेमोरँडम'मधला 'मो' म्हणजे 'म'. मराठीत 'अ' आहेच, त्यामुळे जिभेला नवीन काही शिकायचं नाही. फक्त स्पेलिंगमधला ओ किंवा ए डोळ्यांना दिसला की तोंडाने तो पूर्ण उच्चारू नये, एवढीच सवय लावायची.

उलट, जोराच्या तुकड्यातला स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे 'शन'च्या आधी असं ठरतं: ए, ओ, यू बहुधा दीर्घ (एज्यु'के'शन, प्र'मो'शन, स'लू'शन), आय ऱ्हस्व (ए'डि'शन, प'झि'शन). ई दोन्हीकडे जातो: 'कम्प्लीशन' दीर्घ, 'डिस्क्रेशन' ऱ्हस्व. 'इटी'च्या आधी मूळचा दीर्घ स्वर बहुधा आखडतो: 'सिव्हिअर'चं सि-ˈव्हे-रि-टी. 'नेशन'चं 'नॅशनल' आणि 'नेचर'चं 'नॅचरल' होतं तेही त्याच जातीचं.

तपासा: शब्द गुणगुणा, ओठ मिटून. चढउतार ऐकू येत नसेल तर सगळे तुकडे अजून सपाट आहेत.

पायरी 7: कुटुंबासकट शिका

एकटा शब्द लिहू नका. ˈऑ-रि-जिन, अ-ˈरि-जि-नल, अ-ˌरि-जि-ˈनॅ-लि-टी, असं कुटुंब एका ओळीत लिहा. शेपटी बदलली की जोर सरकतो आणि जोर सरकला की आधीचा स्वच्छ स्वर मऊ होतो. 'ऑ'चा 'अ' झाला तो असा.

याचा थेट उपयोग एका त्रासदायक स्पेलिंगला होतो. 'रेफर्ड'मध्ये आर दोन का आणि 'रेफरन्स'मध्ये मधला एकच का? एक स्वर आणि एक व्यंजन असा शेवट असलेल्या क्रियापदाचा जोर शेवटच्या तुकड्यावर असेल आणि प्रत्यय लागल्यावरही तिथेच राहत असेल, तर व्यंजन दुहेरी होतं. रि-ˈफर, रि-ˈफर्ड: दोन. ˈरे-फ-रन्स: जोर मागे सरकला, एक. 'प्रिफर' तसाच. 'अकर'चं 'अकरन्स' होतानाही जोर जागचा हलत नाही, म्हणून तिथे दोन आर. 'ऑफर'चा जोर मुळात पहिल्यावर, म्हणून 'ऑफर्ड'मध्ये एक. 'अ‍ॅडमिट' आणि 'परमिट' या क्रियापदांत टी दुहेरी होतो, 'लिमिट', 'एडिट', 'बेनिफिट' यांत नाही. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये एलने संपणारी क्रियापदं ('ट्रॅव्हल') हा नियम पाळत नाहीत.

कुठे घसरतं

दोन तुकड्यांचे शब्द या रीतीत बसवू नका. 'कंडक्ट', 'परमिट', 'काँट्रॅक्ट', 'ऑब्जेक्ट' नाम असताना पहिल्यावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर जोर घेतात. शेपटीचा तिथे संबंध नाही.

दुसरी घसरण मराठीत रुळलेल्या शब्दांची. 'म्युन्सिपाल्टी' हा आता मराठी शब्द आहे. मराठी वाक्यात तो तसाच म्हणा. त्याला इंग्रजी जोर लावून मराठी बोलणारा माणूस अंमळ विनोदी दिसतो. रीत इंग्रजी वाक्यासाठी आहे.

सराव: नागपूरच्या पाट्या

पुढची नावं आधी स्वतः फोडा, मग उत्तर पाहा.

नीरीचं पूर्ण नाव: ˈनॅ-श-नल, इन्-ˌव्हाय-रन्-ˈमेन्-टल, ˌएन्-जि-ˈनिअ-रिंग, रि-ˈसर्च, ˈइन्-स्टि-ट्यूट. 'एन्व्हायर्न्मेंटल'मध्ये 'अल'च्या आधी एन-टी, म्हणून 'मेन्' गुरू. 'इंजिनिअरिंग'मध्ये 'इंग' गट घ मधला, जोर होता तिथेच.

विद्यापीठात: ˌकॉन्-व्ह-ˈके-शन, इग्-ˌझॅ-मि-ˈने-शन, प्र-ˈव्हि-ज-नल सर्-ˈटि-फि-कट.

डिसेंबरात अधिवेशनाच्या बातम्यांत: ˈले-जिस्-ल-टिव्ह अ-ˈसेम्-ब्ली.

उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या कागदांवर: ˈज्यू-डि-क-चर, ˌज्यु-रिस्-ˈडिक्-शन, ˈलि-टि-गंट, पण ˌलि-टि-ˈगे-शन.

संत्र्यांच्या संशोधनाकडे वळलात तर: ˈहॉर्-टि-कल्-चर, पण ˌहॉर्-टि-ˈकल्-च-रल. इथे शेवटून दुसरा 'च' लघु आहे, म्हणून जोर एक घर मागे जाऊन 'कल्'वर पडला. 'अ‍ॅग्रिकल्चर'चं विशेषण आता न बघता करा.